तात्यांच्या गुडघ्याची मेथी

आमच्या घरात मेथी कधी संपत नाही. रानात एक वाफा काढणीला आलेला असतो, दुसरा वीतभर झालेला असतो आणि तिसऱ्यात नुकतं बी मुठीने विखरून फोकलेलं असतं. दुपार कलली की आम्ही वाफ्यात उकिडवे बसतो, मेथी उपटतो, मुळांची माती झटकतो आणि जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवतो. पहाटे आमचे हे टेम्पो भरून बारामतीच्या मार्केट यार्डात जातात. लग्न होऊन कन्हेरीला आले तेव्हापासून माझ्या बोटांना हा वास आहे. साबणाने तो जात नाही, आणि आता गेलाच तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

या कामात माझ्या सासऱ्यांचा, तात्यांचा, हात धरणारं कोणी नव्हतं. उकिडवे बसल्या बसल्याच ते पुढे सरकत जायचे आणि मागे एकसारख्या जुड्यांची रांग लागायची. मी नवी सून होते तेव्हा माझी जुडी कधी फुगायची, कधी हातातच सुटायची. तेव्हा सासूबाई होत्या; त्या संध्याकाळी प्रत्येकाचा ढीग बघायच्या आणि माझा ढीग रोज बरा दिसायचा. मला वाटायचं, जमायला लागलं आपल्याला. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की तात्या जाता येता आपल्या जुड्या माझ्या ढिगात टाकून जातात. एक अक्षर बोलले नाहीत कधी. मीही बोलले नाही.

त्याच तात्यांचा उजवा गुडघा धरला. आधी उठताना कळ यायची, मग उकिडवं बसताच येईना. प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून ते वाफ्याच्या कडेला बसायला लागले आणि तिथून आम्हाला सूचना करायला लागले. "मुळाला धरून उपट. आता झटक. झटक की गं." मी तोंडाची फटकळ. एकदा म्हणालेच, "तात्या, गुडघा तुमचा आन कान आमचं दुखाय लागल्यात." ते खळखळून हसले. पण पुढे पुढे त्यांचं वाफ्याकडे येणंच थांबलं. घरापुढच्या बाकड्यावर बसून ते रस्त्याकडे बघत राहायचे. हाताला काम नसलेले तात्या मी कधी बघितलेच नव्हते. मला ते बघवेना. बारामतीला हाडांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तितं गेलं की कापत्यात."

उपाय आला लासुर्ण्याहून. माझ्या थोरल्या नणंदेला तिथे दिलंय. वन्सं फोनवर बोलल्या तरी शेजारच्या घरात ऐकू जातं. त्या म्हणाल्या, "वैनी, रातच्याला चमचाभर मेथीदाणं वाटीत भिजत घाल. सकाळी अनशापोटी चावून खायाचं, वर त्येच पानी प्यायाचं. माझं गुडघं बघ, आता जिना चढते मी. औशिद घरात हाय आन तुमी नुसतं बघत बसलाय!"

खरंच की. मेथीवर घर चालवणाऱ्या आम्हाला मेथीचं कोणीतरी बाहेरून सांगावं लागलं. मी ते मनावर घेतलं. आणि मी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातल्यांची धडगत नसते. तात्यांनी आधीच हात जोडले. "जलमभर मेथी केली ती लोकांनी खायाला. मला त्यो कडूपणा सोसत न्हाय." हे काही नाटक नव्हतं. घरात मेथीची भाजी असली की तात्या मुकाट्याने दही-भाकरी खातात, हे मी इतकी वर्षं बघत आले होते. पण मी कुठली ऐकतेय.

रोज सकाळी मी वाटी त्यांच्या हातात द्यायचे. ते वाटी घेऊन लंगडत न्हाणीच्या मागे जायचे आणि उन्हाला बसायचे. "तोंड कडू आसलं की मानसात बसू वाटत न्हाय," म्हणायचे. मला ते पटलं. न्हाणीमागची ती जागा तात्यांचीच होती. तिथे पाणी तापवायचा बंब, सरपण, ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी आणि न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू. मी एकदा तिथे धामण बघितली, तेव्हापासून तिकडे फिरकत नाही. थोड्या वेळाने रिकामी वाटी परत यायची आणि मी विचारायचे, "फरक पडला का?"

सुरुवातीला ते म्हणायचे, "बघू." मग म्हणायला लागले, "जरा हालकं वाटतंय." एका सकाळी म्हणाले, "व्हय, लई फरक हाय," आणि खरोखर त्या दुपारी वाफ्याकडे आले. क्रेटवर बसले आणि कशालाही न धरता उठूनही दाखवलं. मला आभाळ ठेंगणं झालं. मी गल्लीभर सांगत सुटले. अर्ध्या गल्लीने मेथी भिजत घातली. वन्सं तर रोज फोन करून आपली पाठ थोपटून घ्यायच्या, आणि मीही थोपटू द्यायचे.

भाऊबिजेला वन्सं आल्या. जाताना टेम्पोत बसता बसता म्हणाल्या, "माझ्या घरची मेथी आणलीय. फडताळात ठिवलीय. तीच घाल तात्यांना, बाजारच्यापरास बरी." काही दिवसांनी माझ्या डब्यातली मेथी संपली. मी फडताळ उघडलं. समोरच घट्ट झाकणाचा स्टीलचा लहानसा डबा, आत काठोकाठ मेथी. दाण्यांना पांढरी पावडर लागलेली होती. आमच्याकडे धान्याला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर चोळून ठेवतात आणि वन्संचा हात त्या बाबतीत फारच सढळ. मी मनातल्या मनात त्यांना दोन शब्द सुनावले, दाणे पाण्यातून धुऊन काढले आणि भिजत घातले. त्या डब्यातली वाटी तात्यांना रोज जात राहिली. मग तात्या एसटीने लासुर्ण्याला लेकीकडे राहायला गेले. तिथे वन्सं त्यांना मेथी देणारच होत्या, त्यामुळे मी निर्धास्त होते.

ते गेल्यावर दोन दिवसांनी सकाळी आमचे हे रानातून आले. नव्या वाफ्यात चिमण्यांनी बी टिपलं होतं, मधे मधे टकलं पडली होती, तिथे परत बी टाकायचं होतं. त्यांनी फडताळातून तोच डबा काढला, झाकण उघडलं आणि विचारलं, "अगं, ह्यातलं बी कुनी नेलं? डबा निम्मा झालाय."

"बी कसलं? वन्संनी आणल्याली मेथी हाय ती," मी म्हणाले.

"आक्कानं? ह्ये मी ठिवलंय. पेरून उरल्यालं बी. बुरशी धरू नये म्हनून इषारी पावडर चोळलीय त्येला. शेडात उंदरं लागत्यात म्हनून डबा हितं आणून ठिवला."

मी फडताळ उपसलं. मागच्या कोपऱ्यात, शेवयांच्या डब्याआड, वन्संची मेथी फडक्याच्या पुरचुंडीत तशीच बांधलेली होती. गाठसुद्धा सुटली नव्हती. म्हणजे इतके दिवस मी माझ्या हाताने त्या म्हाताऱ्या माणसाला विष भिजवून देत होते, आणि वर रोज विचारत होते, फरक पडला का.

यांनी पावडरचं रिकामं पाकीट शेडातून शोधून आणलं. त्यावरची बारीक अक्षरं दोघांनाही वाचता येईनात. तात्यांना फोन लावला तर तो घरातच, चार्जिंगला वाजला. मग वन्संना लावला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं फोन केलास वैनी. तात्यांचं काय बिनसलंय कळंना. कालधरनं पोटात ढवळतंय म्हनत्यात. आज तर भाकरीला हात लावला न्हाय. नुसतं पडून हायत."

"आमी येतोय," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

टेम्पोत गोणपाटं, सुतळ्या, सगळं तसंच होतं. आम्ही निघालो. कारखाने सुरू झालेले, त्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. भवानीनगरच्या अलीकडे तर एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि त्यावर मोठ्याने गाणी. पुढे जायला वाट मिळेना. मी यांच्यावर उखडले. "डब्यावर काय लिहून ठिवायची पद्धत आसती का न्हाय?"

"आन डबा उघडायच्या आदी इचारायची?" हे म्हणाले.

माझ्या डोळ्यासमोर सारखा तो जुन्या दिवसांतला जुड्यांचा ढीग येत होता. सासरी मला ज्या माणसाने कधी खाली मान घालायला लावली नाही, त्याच्या उपकाराची आपण अशी परतफेड केली. मी पदर तोंडात धरून रडले. यांनी एक हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि लगेच काढला, कारण पुढे बैलगाडी आली.

लासुर्ण्याला पोचलो तेव्हा तात्या अंगणात बाजेवर आडवे होते. चेहरा उतरलेला. मला बघून उठून बसले. "आज कसं काय?" म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, वाक्यं मागंपुढं होत होती. वन्संनी कपाळाला हात लावला आणि "अगं आई गं" करत मोठ्यानेच रडायला लागल्या. तात्या मात्र माझ्याकडे आणि यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांचं तोंड असं झालं की आता काहीतरी बोलणार. पण वन्संकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"मला काय न्हाय झालेलं," एवढंच म्हणाले.

"ते डाक्टर ठरवतील," मी म्हणाले आणि त्यांना टेम्पोत बसवलं. वन्संना मी घरीच ठेवलं. दवाखान्यात त्यांचं रडणं आवरत बसायला माझ्याकडे जीव नव्हता.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाकीट बघितलं, तात्यांची नाडी बघितली, रक्तदाब घेतला, पोट दाबून बघितलं. मग विचारलं, "आजोबा, असे दाणे रोज किती खाल्ले?"

तात्यांनी घसा साफ केला. "डाक्टरसाहेब, ह्या आमच्या सूनबाईला जरा भायेर पाठवा."

"मी न्हाय जायाची," मी म्हणाले.

"मग ऐक." तात्या खाली बघत म्हणाले. "मी त्यातला एक दाणा खाल्ला न्हाय. त्यातलाबी न्हाय, आन त्याच्या आदीच्यातलाबी न्हाय. रोज न्हाणीमागं टाकायचो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी म्हणाले, "तात्या, दवाखान्यात ठिवतील म्हनून खोटं बोलू नका. मग पोटात कशानं ढवळतंय?"

"त्ये आक्कानं," तात्या कळवळून म्हणाले. "तिच्या घरामागं जागाच न्हाय. ऊस पार भिंतीला टेकलाय. आन ती वाटी संपस्तोवर समोरनं हालत न्हाय. दोन्ही सकाळ्या गिळाया लागली. त्या कडवाटीनं जीव नकोसा झाला गं."

हे तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. मला मात्र हसू येईना. ज्या माणसाने इतके दिवस "लई फरक हाय" म्हणून फसवलं, त्याच्या आजच्या शब्दावर मी कशी विश्वास ठेवू? डॉक्टर म्हणाले, "तपासणीत तरी तसं काही दिसत नाही. कडू सोसलेलं नाही, एवढंच वाटतंय. गोळी देतो. आज लक्ष ठेवा, उलटी-चक्कर असं काही झालं तर लगेच बारामतीला मोठ्या दवाखान्यात न्या." मी त्यांना तीच गोष्ट तीन प्रकारे विचारली. त्यांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

येताना तात्या आमच्या दोघांच्या मधे बसले होते. मी सारखी त्यांच्या कपाळाला हात लावत होते. शेवटी ते म्हणाले, "घरी गेल्यावर न्हाणीमागं बघ आन मग माझा ताप बघ."

घरी उतरले ती तशीच मागे गेले. धामण आठवली, पण त्या दिवशी धामणच माझ्यापासून पळाली असती. बंबाला वळसा घातला, नळ्यांची भेंडोळी ओलांडली आणि थांबले.

अळूच्या कडेने मेथी उगवली होती. थोडीथोडकी नाही, गच्च. न्हाणीचं पाणी आणि सकाळचं ऊन मिळून कुठल्याही वाफ्यात येणार नाही अशी आली होती. भिंतीकडची मेथी काढायला आलेली, तिच्या पुढची वीतभर, तिच्या पुढची बोटभर. तात्या रोज बसल्या जागेवरून थोडी पुढे पुढे टाकत आले होते, त्यामुळे मी दिलेली प्रत्येक वाटी तिथे आपापल्या वयाने उभी होती. अगदी अलीकडे, ओल्या मातीत, नुकती दोन दोन पानं काढलेली कोवळी रोपं होती. काही दाण्यांची टरफलं अजून पानांना चिकटलेली. ती त्या डब्यातली. मी खाली बसून त्यांच्याकडे बघत राहिले. बोटाने एकेका रोपाला हात लावून बघितलं. सगळी इथे होती. तात्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच, त्या सरपणाशेजारी, आधी रडले आणि मग हसत सुटले. हे धावत आले, त्यांना वाटलं धामण निघाली. त्यांनी मेथी बघितली, वाकून एक रोप उपटलं, मूळ बघितलं आणि शेतकऱ्याच्या गंभीरपणाने म्हणाले, "तात्यांनी फोकलंय मात्र एकसारखं."

संध्याकाळपर्यंत तात्यांना काही झालं नाही. उलट दुपारी त्यांनी मागून घेऊन दही-भाकरी खाल्ली. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. रागवायचं ठरवून गेले होते, पण राग काही नीट उभा राहीना.

"तात्या, फरक हाय म्हनून का सांगत व्हता?"

ते गुडघा चोळायला लागले. मग म्हणाले, "तू रोज आशेनं इचारायचीस. तुझ्या तोंडाकडं बघून न्हाय म्हनवंना. आदी वाटलं, एकदा व्हय म्हनावं, म्हंजी इचारायची थांबशील. तर तू गावभर सांगून आलीस. मग परत न्हाय कसं म्हनू?"

"आन त्या दिवशी क्रेटवरनं न धरता उठला ते?"

"डोळ्यापुढं काजवं चमकलं," तात्या म्हणाले.

पुन्हा आपल्या जुड्या माझ्याच ढिगात टाकल्या होत्या म्हाताऱ्याने. मी म्हणाले, "आता खरं सांगा. दुखतंय का?"

"लई दुखतंय गं," ते म्हणाले. आणि म्हणताना त्यांचा आवाज असा मोकळा झाला, की इतके दिवस गुडघ्यापेक्षा हेच त्यांना जड झालं होतं हे माझ्या ध्यानात आलं.

गल्लीत सांगायचं ते मी सांगितलं. बायका पोट धरधरून हसल्या. दोघी-तिघी म्हणाल्या की त्यांना मात्र मेथीने खरंच बरं वाटतंय. वाटू दे बापडं. वन्संना काय सांगायचं ते तात्यांनी मला शपथ घालून सांगितलं, त्यामुळे डब्याच्या घोटाळ्यापलीकडे त्यांना काही कळलं नाही. त्या अजून समजून आहेत की पावडर पोटात जाऊनही तात्या तगले ते त्यांच्या दोन दिवसांच्या मेथीमुळेच.

मला घाबरवलं म्हणून तात्यांनी माझं एक ऐकायचं, असं मी वदवून घेतलं आणि त्यांना बारामतीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कापायचं नावसुद्धा काढलं नाही. पट्टा दिला, पायाचे व्यायाम दिले, उकिडवं बसायचं बंद केलं, गरम शेक घ्या म्हणाले. तात्या परत येताना टेम्पोत गुणगुणत होते. यांनी त्यांच्यासाठी एक उंच चौरंग करून आणला. त्यावर पाय लांब करून तात्या आता जुड्या बांधतात. आम्ही उपटून त्यांच्यापुढे टाकायचं, ते बांधणार. सूचना चालू असतातच.

वन्संची पुरचुंडी मी शेवटी सोडली. मेथी खलबत्त्यात कुटली, पाण्यात शिजवून लापशीसारखी केली आणि कोमट झाल्यावर तात्यांच्या गुडघ्यावर जाड थापून वर फडकं बांधलं. तोंडात घालायची नाही म्हटल्यावर तात्यांनी काही कुरकुर केली नाही. डोळे मिटून, पाय लांब करून बसून राहिले. फडक्यातून वाफ आणि मेथीचा कडवट वास येत होता.

इतक्या दिवसांची सवय. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "फरक पडला का?"

तात्यांनी एक डोळा उघडला. "न्हाय," म्हणाले.

मी फडकं सोडायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरून बाजूला केला.

"राहू दे तसंच," ते म्हणाले. "बरं वाटतंय."